दीडशे रुपयांची टोचणी

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक सिंधुदुर्गातल्या एका बाजारपेठेच्या गावी राहतात. वय बेचाळीस, नवरा-बायको दोघांची नोकरी, मुलगा पुण्याला शिकतो. घराच्या कोपऱ्यावर एका वयस्कर दांपत्याचं किराणा-जनरलचं दुकान आहे. दुकानदारांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याचा पगार चार महिने थांबला, तेव्हा भाऊंनी काही न विचारता वहीवर लिहून सामान दिलं. ते पैसे नंतर फेडून झाले. आता दिवाळी तोंडावर आली आहे. मिक्सर, मुलाचा शर्ट आणि रांगोळी-उटणं-कंदील हे सगळं ऑनलाइन मागवलं तर मिक्सरवर ७००, शर्टावर २५० आणि बाकीच्यावर १५०, असे ११०० रुपये वाचतात. वस्तू कार्टमध्ये टाकून ठेवल्या आहेत, पण बटण दाबवत नाही. दिवसा घरी कोणी नसल्यामुळे कुरिअरवाला पार्सल भाऊंच्याच दुकानात ठेवून जातो. गणपतीत असंच एक पार्सल हातात देताना भाऊ म्हणाले, “वयनी, तुमचा पार्सल इला हा. आमच्याकडे मिळाचा नाय असा काय हा त्यात?” तेव्हापासून दुकानासमोरून जाताना मान खाली जाते. उलट बाजूही आहे. गेल्या दिवाळीत भाऊंकडून घेतलेल्या उटण्याच्या पाकिटावरची तारीख उलटून गेलेली होती. त्या काही बोलल्या नाहीत, नंतर उटणं ऑनलाइनच घ्यायचं ठरवलं. नवरा म्हणतो, “दुकान चालवणं भाऊंचं काम, संसार चालवणं आपलं.” प्रश्न असा, की जादा पैसे मोजून इथल्याच दुकानातून घेणं हे आपलं कर्तव्य आहे का? ताजा कलम म्हणून एक ओळ आहे: “गणपतीपासूनचे २३०० भाऊंच्या वहीवर आहेत, ते बोनस झाला की देणारच आहे.”

ताई,

पत्र वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा कागदावर तुमचेच आकडे मांडले. ११०० रुपये. त्यातले ७०० मिक्सरचे. भाऊ मिक्सर विकतात का? किराणा-जनरलच्या दुकानात मिक्सर नसतो, तो बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. शर्टाचे २५०. शर्टही भाऊंकडे नाही, कापडवाल्याकडे आहे. उरले दीडशे. रांगोळी, उटणं, कंदील. म्हणजे ज्या माणसासमोर तुमची मान खाली जाते त्याचा आणि तुमचा दिवाळीतला सगळा मामला दीडशे रुपयांचा आहे. बाकी साडेनऊशेंचा बोजा तुम्ही उगाच भाऊंच्या नावावर टाकून हिंडताय.

टोचणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती दिवाळीच्या खरेदीची नाही, २०२० सालची आहे. अडचणीत दिलेलं सामान तुम्ही पैशाने फेडलंत आणि तरी मनात कुठेतरी राहिलं, की हे पैशाने फिटणारं नव्हतं. खरंच आहे, फिटणारं नव्हतंच. पण मग ते मिक्सरच्या सातशेंनी तरी कसं फिटेल? भाऊंनी तेव्हा दुकानदार म्हणून आपलं गिऱ्हाईक सांभाळलं आणि शेजारी म्हणून शेजाऱ्याला सांभाळलं. दोन्ही एकाच वहीत लिहिलं गेलं म्हणून तुमचा घोळ झालाय. शेजारधर्म शेजारधर्मानेच फेडायचा असतो. त्यांचं कोणी आजारी पडलं तर रात्री उठून जायचं, त्यांच्या नातवाचा कसला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. खरेदीचा हिशेब मात्र खरेदीसारखा, स्वच्छ ठेवायचा.

आता तुमच्या यजमानांचं वाक्य. ‘दुकान चालवणं भाऊंचं काम.’ चुकीचं नाही. दोन पगारांत पुण्याचं शिक्षण चालवणाऱ्या घराला ११०० रुपये ही किरकोळ रक्कम नाही, आणि ‘स्थानिकांना आधार द्या’ असं तुम्हाला सांगणारे बहुतेक लोक तुमच्यापेक्षा सुस्थितीत असतात. दया म्हणून केलेली खरेदी फार टिकतही नाही. एक दिवाळी टिकते, दुसऱ्या दिवाळीला जड जाते, तिसऱ्या दिवाळीला आपण दुकानाच्या समोरचा रस्ता सोडून मागच्या पाणंदीने घरी जायला लागतो. तुमची पावलं त्याच दिशेने निघालीयेत असं मला पत्रावरून वाटलं.

तेव्हा कर्तव्य बाजूला ठेवू आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघू.

मिक्सर. सातशेचा फरक खरा आहे का, हे आधी तपासा. पेटीवरचा मॉडेल नंबर दोन्हीकडे तोच आहे का? त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, पण मोटर वेगळी आणि भांडं एक कमी, असं सेलमध्ये पुष्कळदा असतं. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे ती सहसा दोन्हीकडे मिळते. पण सर्व्हिस सेंटर कुठे आहे? आपल्याकडे अनेक कंपन्यांसाठी कोल्हापूर नाहीतर गोवा गाठावं लागतं. बाजारातला दुकानदार बिघडलेला मिक्सर स्वतः पाठवून, दुरुस्त करून आणून देणार असेल तर त्या हेलपाट्याची किंमत सातशेंत धरायला हवी. नसेल देणार, तर नाही धरायची. सरळ दुकानात जा, फोनवरची किंमत दाखवा आणि म्हणा, “हा एवढ्याला मिळतोय, तुम्ही कितीला द्याल?” यात लाजण्यासारखं काही नाही. सातशेंचे तीनशे झाले तर मी दुकानातून घेईन. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मागून घेईन. दुकानदार ताठ राहिला तर घरी येऊन बटण दाबीन आणि रात्री शांत झोपेन.

एक गोष्ट मात्र मी करणार नाही. दुकानात जाऊन चार शर्ट अंगाला लावून बघायचे, माप पक्कं करायचं, “येतो हां जरा” म्हणून बाहेर पडायचं आणि तोच शर्ट ऑनलाइन मागवायचा. हा सरळसरळ लबाडपणा आहे. त्या माणसाचा वेळ, जागा आणि घडी मोडलेला माल आपण फुकट वापरतो. शर्ट ऑनलाइन घ्यायचा तर माप घरच्या शर्टावरून घ्या.

आता ते दीडशे. इथे मला तुमच्या एका गृहीतकाला हात घालायचा आहे. तुम्ही ‘इथलं’ हा शब्द फार सैल वापरलाय. भाऊंच्या दुकानातला प्लॅस्टिकचा चमचमणारा कंदील मुंबईच्या घाऊक बाजारातून आलेला असतो, तोच ॲपवरही असतो. भाऊंकडून घेतलात तर त्यांच्या गल्ल्यात थोडा नफा पडेल, आणि तो गावातच राहील. जत्रेच्या पावतीत, दशावताराच्या वर्गणीत, डॉक्टरच्या फीमध्ये तो फिरेल. ते चांगलंच आहे. पण वस्तू बनवणारा माणूसच इथला असेल तर नुसता नफा कशाला, जवळजवळ सगळी किंमत इथे राहते. पैसे मोजकेच असतील आणि काहीतरी इथलं घ्यायची इच्छा असेल, तर मी आधी बनवणाऱ्याकडे जाईन. पणत्या कुंभाराकडच्या. कंदील गावातली मुलं काड्या-कागदाचा बनवून विकत असतील तर तो. फराळातलं जे घरी जमत नाही ते बचत गटाच्या बायकांकडचं. भाऊबीजेला भाचवंडांना द्यायला सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं किंवा खेळणी. घेताना “हे इथंच केलेलं ना?” असं एकदा विचारायचं, कारण अशा दुकानांत बाहेरून आणलेला मालही मांडलेला असू शकतो. विचारल्याचा कारागिराला राग येत नाही, उलट त्याची कळी खुलते.

आणि काही गोष्टी तर ॲपवर नाहीतच. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे पायाखाली फोडायचं कारीट, ते कडू रानफळ, कुठलं ॲप आणून देणार? नव्या भाताचे पोहे, गावच्या गिरणीतून आलेले, किंचित तांबूस, दुधात घातले तरी गुळाशिवाय गोड लागणारे, ते कुठून मागवाल? (पोह्यांच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, ते मान्य करते. पाकिटातले पांढरे पातळ पोहे नरकचतुर्दशीला ज्यांच्या घरी होतात त्यांच्याकडे मी चहाच घेते.) कारीट, झेंडू, आंब्याचे टाळ घेऊन बाजारात खाली बसलेल्या बायका असतात. त्यांच्याशी आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि ॲपने डिलिव्हरीचे चाळीस लावले तर मुकाट्याने देतो. मीही केलंय हे. आता करत नाही, पण वयाच्या पन्नाशीपर्यंत केलं.

आता उटणं. ताई, इथे तुमचं चुकलं असं मला स्पष्टच सांगायला हवं. तारीख उलटलेला माल विकणं ही भाऊंची चूक, त्यात वाद नाही. पण ते पाकीट तुम्ही परत नेलं नाहीत. एक शब्द बोलला नाहीत. मनात ठेवलंत आणि वर्षभर उटणं दुसरीकडून घेतलंत. भाऊंना आजही माहीत नाही की त्यांच्या फळीवर जुना माल आहे, आणि एक चांगलं गिऱ्हाईक त्यापायी गेलंय. वस्तू खराब निघाली तर ॲपवर आपण एक चांदणी देऊन चार ओळी खरडतो, फोटो टाकतो. ज्याला आपण कधी पाहिलं नाही त्या विक्रेत्याला एवढं सांगतो, आणि कोपऱ्यावरच्या माणसाला भिडेखातर सांगत नाही. लहान दुकान भिडेने मरतं असं माझं मत झालंय. गिऱ्हाईक भांडून गेलं तर दुकानदार सुधारतो तरी, मुकाट्याने गेलं तर त्याला कळतच नाही.

तर या दिवाळीला पाकीट घ्या, तिथल्या तिथे तारीख बघा, आणि हसत सांगा, “भाऊ, गेल्या वर्षीचं उटणं जुनं निघालं हो, जरा बघून द्या.” भाऊ वरमतील, नाहीतर चिडतील. चिडले तर दुसऱ्या दिवशी शांत होतील. आणि समजा एखादा दुकानदार मुदत संपलेला माल परत घ्यायला नाहीच म्हणाला किंवा छापील किमतीपेक्षा जास्त मागू लागला, तर तो आपला आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. भाऊंसाठी तो लागणार नाही, पण हे सदर इतरही वाचतात.

आता तुमचा ताजा कलम. सगळ्या पत्रात मला हीच ओळ महत्त्वाची वाटली, आणि ती तुम्ही पत्र संपल्यावर लिहिलीत.

गणपतीपासूनचे २३०० वहीवर आहेत. बोनस दिवाळीच्या आसपास होईल, म्हणजे तोवर दोन महिने होतील. आणि कार्टमध्ये मिक्सर तयार आहे, ज्याचे पैसे बटण दाबताक्षणी जाणार आहेत. ॲपवाल्याला वस्तू मिळायच्या आधी पैसे, भाऊंना वस्तू संपून गेल्यावरही नाहीत. तुम्ही बुडवणार नाही हे भाऊंना ठाऊक आहे, म्हणून ते मागत नाहीत. पण त्यांना आत्ता, दिवाळीच्या आधी, घाऊक व्यापाऱ्याचं जुनं देणं भागवून नवा माल भरायचा आहे. रोखीने भरला तर दोन पैसे सवलत मिळते. उधारीवर भरला तर व्यापारी देईल तो माल, देईल त्या भावाला. भाऊंकडे रांगोळी महाग का, याचं थोडं उत्तर तुमच्या-माझ्यासारख्यांच्या खात्यांत आहे.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गणपतीला पन्नास दिवस होते. अनेकांनी सणाचा माल भरायला सुरुवात केली होती, तो चिखलात गेला. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराला पुन्हा उभं कोणी केलं असं विचाराल, तर त्याने स्वतः मला सांगितलेलं उत्तर असं: मुंबईच्या व्यापाऱ्याने, पैसे न मागता दुसऱ्यांदा माल पाठवून. त्याने पाठवला, कारण याचं खातं वीस वर्षं वेळेवर चुकतं होत होतं. आणि ते वेळेवर चुकतं का होत होतं, तर याचं गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत होतं. बाकी मदतीची पाकिटं, सतरंज्या, भाषणं पुष्कळ आली. त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण दुकान उभं राहिलं ते त्या वीस वर्षांच्या सरळ व्यवहारावर.

म्हणून माझा सल्ला सोपा आहे. मिक्सर पंधरा दिवस थांबू दे आणि भाऊंचे २३०० आधी द्या. एकदम जमत नसतील तर या पगारातून दीड हजार, पुढच्यातून आठशे. फोनवरून त्यांच्या क्यूआर कोडवर पाठवले तरी चालतील. बँक खात्यातून असे यूपीआयने पाठवलेले पैसे दुकानदाराला पूर्ण मिळतात, जानेवारी २०२० पासून त्यावर कमिशन नाही. पण शक्यतो हातात द्या आणि त्यांच्यासमोर वहीवर रेघ मारून घ्या. त्यानंतर दीडशे रुपयांची रांगोळी कुठून आणायची हा प्रश्न तुम्हाला पडेल असं मला वाटत नाही. पडलाच तर नाणं उडवा.

अशीच दोन पत्रं चाकरमान्यांकडूनही आली आहेत, एक डोंबिवलीहून, एक विरारहून. गणपतीला गावी जाताना तांदूळ-डाळीपासून अगरबत्तीपर्यंत सगळं तिथून बांधून न्यायचं, गावच्या दुकानात फक्त आयत्या वेळी सरलेली साखर आणायला जायचं, आणि मग तिथे माल नसतो म्हणून बोल लावायचा. त्यांना मी गणपतीच्या पाटाची आठवण करून देईन. आपल्याकडे मूर्ती बाजारात बघून उचलायची नाही, आधी पाट द्यायचा ही रीत आहे. कितीतरी आठवडे आधी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, जातो, सोबत विडा-नारळ. मूर्तिकाराला तेव्हाच कळतं की यंदा किती गणपती, केवढे, कोणाचे. माती किती आणायची, हाताखाली माणसं किती घ्यायची, हे त्यावर ठरतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो कोणाच्या दयेवर बसलेला नसतो. हाच पाट किराणावाल्यालाही देता येतो की! पंधरा दिवस आधी गावच्या दुकानदाराला फोन करा, यादी व्हॉट्सॲपवर पाठवा, थोडे पैसे आगाऊ टाका. तो मोजकाच, ताजा माल आणेल आणि तुमच्या गाडीच्या डब्यातली एक पिशवी कमी होईल. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचं, सामान, कवंडळं, फुलं यांसाठीही गावातल्या एखादीला आधी सांगून ठेवलं तर तिची एक सकाळ वाया जात नाही.

ताई, तुम्हालाही तेच. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी भाऊंकडे काय उरलंय ते बघण्यापेक्षा आत्ताच त्यांना सांगा: “उटण्याची चार पाकिटं, रांगोळीचे पाच रंग, पोहे तीन किलो, गावचेच हवेत.” कदाचित ते म्हणतील, गावचे पोहे मी ठेवत नाही, अमकीकडे मिळतील. तेही कळलेलं बरं.

आणि भाऊंसारखे दुकानदार हे वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. गिऱ्हाईकाचं पार्सल हातात देताना टोमणा मारू नका. ज्या बाईला तुम्ही तो मारलात ती तुमच्यासाठी दोन पानी पत्र लिहून बसली आहे. तिला विचारा, काय मागवलं, कितीला पडलं, आमच्यात काय कमी होतं. ती सांगेल. ते फुकटचं बाजारज्ञान आहे. आणि फळीवरच्या पाकिटांच्या तारखा महिन्यातून एकदा नातवाकडून बघून घ्या, बारीक अक्षर त्याला दिसतं.

राहता राहिला तुमचा मान खाली जाण्याचा प्रश्न. वहीवरची रेघ मारून झाली की ती बरीचशी वर येईल. तरीही मिक्सर ऑनलाइनच घ्यायचं ठरलं, तर पत्ता ऑफिसचा घाला. भाऊंनी तुमच्या पार्सलासाठी ओटीपी विचारायला फोन लावायचा आणि तुम्ही तो लाजत सांगायचा, हे दोघांनाही बंद करता येईल.